एल म्हणजे डावा नव्हे: एमआरआय रिपोर्ट हाती आलेल्यांसाठी पाठीच्या कण्याची ओळख

मार्च संपत आला की नागपुरात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. आमचाही उतरला. गच्चीवर धुतला, नव्या ताट्या बसवल्या आणि खिडकीबाहेरच्या स्टँडवर चढवताना त्याची एक बाजू मी धरली. वाकलेली होते, त्यात अंग वळवलं आणि कमरेत चमक निघाली. कंबर चार दिवसांत सुटली. पण त्यानंतर डाव्या मांडीच्या बाहेरून, नडगीच्या कडेने, पावलाच्या वरच्या अंगाला अंगठ्यापर्यंत कळ जाऊ लागली. कंबर दुखत नव्हती, म्हणून दोष पायाचाच असं मी धरून चालले. तीन आठवडे पायाला तेल चोळलं, रात्री उशीवर पाय ठेवून झोपले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवो, मणक्यात गॅप आली असंन तुमच्या. आमच्या भाटव्यालेही आली होती." त्या 'गॅप' शब्दाने मी जेवढी घाबरले तेवढी कळेनेही घाबरले नव्हते.

पुढे एमआरआय झाला. रिपोर्टची दोन पानं मी चार वेळा वाचली आणि एकही ओळ कळली नाही. तेव्हा फिजिओथेरपी शिकणारी माझी भाची दोन दिवस आमच्याकडे राहायला आली होती. तिने मला कणा शिकवला, आणि तो ज्या क्रमाने शिकवला त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. हे वाचून स्वतःचा इलाज करायचा नाही, तो डॉक्टरांनीच करायचा. पण त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसल्यावर आपल्याच शरीराबद्दल चाललेलं बोलणं आपल्याला समजायला हवं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

लागणारं साहित्य: तुमचा रिपोर्ट, पेन, फोटोसाठी मोबाईल, टिकल्यांचं एक पाकीट आणि घरातलं एक विश्वासाचं माणूस. मटण खाणारं घर असेल तर रविवार निवडा. का, ते तिसऱ्या पायरीत येईल.

सगळ्याच्या आधी: यातलं काही असेल तर वाचत बसू नका

लघवी अडकली आहे किंवा नकळत होते आहे, शौचावर ताबा राहिलेला नाही, दोन मांड्यांच्या मधला भाग, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग, बधिर झाला आहे, दोन्ही पायांतली ताकद जाते आहे किंवा पाऊल लुळं पडून चप्पल निसटते आहे: यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा. अशा वेळी काही तासांच्या उशिरानेही कायमचं नुकसान होऊ शकतं.

पाठदुखीसोबत ताप येत असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपल्यावरही दुखणं थांबत नसेल, पूर्वी कधी कर्करोग किंवा टीबी झाला असेल, नाहीतर पडल्या-झडल्यानंतर दुखू लागलं असेल, तर तेही त्याच आठवड्यात दाखवा. मणक्याचा टीबी आपल्याकडे आजही दिसतो. औषधांनी तो बरा होतो, पण वेळेत सापडायला हवा.

१. कणा आधी बोटांनी शोधा, मग कागदावर

भाचीने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि टिकल्यांचं पाकीट हातात घेतलं.

मान खाली घातली की मानेच्या पायथ्याशी एक हाड ठळक वर येतं. तो बहुतेकांमध्ये मानेचा सातवा, म्हणजे शेवटचा मणका असतो. तिथे पहिली टिकली. हात सैल सोडून उभं राहिलं की खांद्यामागच्या पंख्यासारख्या हाडाचं खालचं टोक लागतं, ते साधारण छातीच्या सातव्या मणक्याच्या पातळीवर येतं. दुसरी टिकली त्याच पातळीवर, कण्यावर मधोमध. मग तिने दोन्ही हात माझ्या कमरेवर, परकराची नाडी बांधतो त्याच्या जरा खाली, कटीच्या हाडांच्या वरच्या कडांवर ठेवले आणि अंगठे पाठीच्या मध्यावर आणून टेकवले. ही रेषा साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून किंवा त्याच्या लगेच खालून जाते. तिसरी टिकली. त्याच्याही खाली कमरेवर दोन खळ्या असतात, त्यांना जोडणारी रेषा त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या, दुसऱ्या मणक्यावर पडते. चौथी टिकली तिथे.

फोटो काढून तिने मला दाखवला. पाठीवर मधोमध चार लाल ठिपके. रिपोर्टमध्ये ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तो भाग तिसऱ्या टिकलीच्या आसपास होता. तोवर मी तो भाग बराच वर, ब्लाउजच्या कडेपाशी समजत होते.

चामडीखाली जे टोकदार लागतं तो मणक्याचा पूर्ण भाग नव्हे, हे तेवढं ध्यानात ठेवा. ते त्याचं मागचं शेपूट आहे. वजन पेलणारा जाड भाग त्याच्या पुढे, शरीराच्या खूप आत असतो.

२. मणके मोजा आणि अक्षरं ओळखा

जन्मतः आपल्याकडे ३३ मणके असतात: मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे साधारण ४. शेवटचे दोन गट मोठेपणी सांधून एकेक हाड होतं, म्हणून हलणारे मणके उरतात २४. छातीच्या बारा मणक्यांना बरगड्यांच्या बारा जोड्या जोडलेल्या असतात, त्यामुळे तो भाग फारसा वाकत नाही. वाकणं बहुतेक कमरेत होतं, वळणं मानेत आणि छातीत. कमरेच्या मणक्यांची रचना वळण्यासाठी नाहीच. मी कूलर उचलताना नेमकं तेच केलं होतं.

रिपोर्टमध्ये या गटांना अक्षरं असतात. मानेसाठी सी, छातीसाठी टी, कमरेसाठी एल, त्रिकास्थीसाठी एस. मणके वरून खाली मोजतात. एल ४ म्हणजे कमरेचा वरून चौथा. 'एल ४-एल ५' असं लिहिलं असेल तर त्या दोघांच्या मधली गादी.

इथे तीन ठिकाणी फसायला होतं आणि तिन्ही ठिकाणी मी फसले.

पहिलं, एल म्हणजे डावा नव्हे. माझा डावा पाय दुखत होता आणि रिपोर्टभर एल, एल, एल. मी म्हटलं, बरोबर आहे. भाची म्हणाली, "मावशी, एल म्हणजे लेफ्ट नाही गं. लम्बर. कंबर." डावं-उजवं रिपोर्टमध्ये वेगळं, पूर्ण शब्दात लिहिलेलं असतं.

दुसरं, छातीच्या मणक्यांना आपल्याकडचे बरेच रेडिओलॉजिस्ट टीऐवजी डी लिहितात. डी १२ आणि टी १२ एकच. दोन ठिकाणचे दोन रिपोर्ट असतील तर दोन वेगळ्या जागा बिघडल्या असं समजू नका.

तिसरं, एमआरआय रिपोर्टच्या सुरुवातीला 'टी १' आणि 'टी २' प्रतिमा असा उल्लेख येतो. त्याचा छातीच्या मणक्यांशी काही संबंध नाही. त्या फोटो काढण्याच्या दोन पद्धती आहेत. टी २ प्रतिमेत पाणी पांढरं चमकतं, म्हणून पाणीदार गादी उजळ दिसते आणि सुकलेली गादी काळी.

काही जणांना कमरेचे मणके पाचाऐवजी चार किंवा सहा असतात, किंवा पाचवा मणका त्रिकास्थीला अर्धवट जुळलेला असतो. तो आजार नाही, जन्मापासूनची ठेवण आहे. पण मोजणी एकाने चुकते. रिपोर्टमध्ये 'सॅक्रलायझेशन', 'लम्बरायझेशन' किंवा 'ट्रान्झिशनल व्हर्टिब्रा' असा शब्द असेल तर त्याखाली रेघ मारा आणि तो डॉक्टरांना दाखवा, विशेषतः ऑपरेशनचं बोलणं चाललं असेल तर.

३. एक मणका हातात घ्या

रविवारी नवऱ्याने मटण आणलं. भाचीने धुतलेल्या तुकड्यांतून पाठीचा एक तुकडा निवडून ताटलीत ठेवला. "हा बघ, तुझ्यासारखाच आहे." मी आयुष्यभर ते हाड चोखलं, कधी बघितलं नव्हतं.

पुढे एक जाड, गोल, डबीसारखा भाग असतो. तो मणक्याचा देह, वजन त्याच्यावर येतं. त्याच्या मागे हाडाची कमान आणि कमानीच्या आत भोक. एकावर एक मणके रचले की या भोकांचा बोगदा तयार होतो. कमानीला दोन बाजूंना दोन पंख आणि मागे एक शेपूट असतं, स्नायू त्यांना धरतात. वर दोन आणि खाली दोन गुळगुळीत खाचा असतात, तिथे शेजारचे मणके एकमेकांवर बसतात. हे पाठीमागचे छोटे सांधे, रिपोर्टमध्ये यांना 'फॅसेट जॉइंट' म्हणतात. गुडघे झिजतात तसे हेही वयाने झिजतात.

आमच्या तुकड्यात भोकातून एक पांढरी, मऊ, नाजूक दोरी डोकावत होती. ती मज्जारज्जू. बोट लावलं तर दबेल इतकी मऊ, आणि तिच्याभोवती सगळीकडून हाड. हे एकदा पाहिल्यावर कणा आधार देतो आणि तिजोरीही असतो, हे मला पुन्हा कोणी सांगावं लागलं नाही.

बोकडाच्या कमरेचे आणि छातीचे मणके आपल्याहून संख्येने जास्त असतात, पण मानेचे सातच. जिराफालाही सातच. त्याचा एकेक मणका लांब असतो, एवढंच.

शाकाहारी घरांनी फिजिओथेरपी किंवा मेडिकलला शिकणाऱ्या कुणाकडे तरी प्लॅस्टिकचा सांगाडा बघायला मागावा. विद्यार्थी आनंदाने दाखवतात.

मानेचे वरचे दोन मणके मात्र या नमुन्यात बसत नाहीत. पहिला नुसतं कडं आहे, त्याला देहच नाही, त्यावर डोकं टेकतं आणि 'हो' म्हणताना मान तिथे हलते. दुसऱ्याला वर उभा खुंटा आहे, त्याभोवती पहिला फिरतो आणि आपण 'नाही' म्हणतो. या दोघांच्या मध्ये गादी नसते.

४. गादी समजून घ्या, 'गॅप'ची भीती जाईल

दोन मणक्यांच्या देहांमध्ये गादी असते. डॉक्टर चकती किंवा डिस्क म्हणतात. एकूण २३ गाद्या आहेत आणि कण्याच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा त्यांचा. प्रत्येक गादीचे दोन भाग: बाहेर चिवट तंतूंची एकावर एक कडी, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी, आणि आत पाणी धरून ठेवणारा गर. उन्हाळ्यात आपण सरबतात सब्जा भिजवतो, दाण्याभोवती जसा लिबलिबीत थर धरतो तसा हा गर. तरुणपणी त्यात खूप पाणी असतं, वयाबरोबर ते कमी होतं. दिवसभर उभं राहून-बसून गादीतलं पाणी थोडं पिळलं जातं आणि रात्री झोपल्यावर परत भरतं, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटीमीटर उंच असतो. मोठेपणी गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, शेजारच्या हाडातून झिरपेल त्यावर तिचं भागतं. त्यामुळे ती लवकर भरून येत नाही. धीर धरावा लागतो तो यासाठी.

आता 'गॅप'. एक्स-रेमध्ये गादी दिसतच नाही, दोन हाडांमध्ये काळी मोकळी जागा दिसते. ती जागाच गादीची. गादी चपटी झाली की जागा कमी होते. डॉक्टर म्हणतात, "इथली गॅप कमी झाली आहे." ते वाक्य घरी पोचेपर्यंत "मणक्यात गॅप आली" असं होतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की मणके एकमेकांपासून सुटले, आता कणा तुटणार. खरं तर ते जवळ आलेले असतात. पुढच्या वेळी कोणी गॅप म्हटलं तर विचारा: "कमी झाली ना? कोणत्या दोन मणक्यांमध्ये?"

'गादी सरकली' हाही असाच शब्द. गादी वरच्या-खालच्या मणक्याला पक्की चिकटलेली असते, ती साबणासारखी निसटत नाही. बाहेरची कडी कमजोर होऊन फुगतात किंवा फाटतात आणि आतला गर मागे येतो. गादी मागे आणि जराशी बाजूला फुगते, कारण मधोमध तिला मागून एक लांब पट्टा धरून ठेवतो आणि कमरेत तो पट्टा अरुंद होत जातो. बाजूची जागा उघडी पडते, आणि नेमकी तिथूनच शीर जात असते.

५. शिरांचा हिशेब

ही पायरी सावकाश वाचा. माझा सगळा गोंधळ इथे होता.

बोलताना आपण रक्ताच्या नळीलाही नस किंवा शीर म्हणतो आणि संवेदना नेणाऱ्या तंतूलाही. 'नस दबली' म्हणतात तेव्हा ती दुसरी, मज्जातंतूची मुळी असते. रक्त अडलेलं नसतं. मी पाय वर ठेवून झोपत होते ते याच गैरसमजातून.

मज्जारज्जू मेंदूतून निघून बोगद्यातून खाली येते, पण कण्याच्या तळापर्यंत जात नाही. तिची लांबी साधारण ४२ ते ४५ सेंटीमीटर, आणि मोठ्या माणसात ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपते. त्याखाली सुट्या मुळ्यांचा झुपका लोंबतो, त्याला डॉक्टर घोड्याची शेपटी म्हणतात. वर सांगितलेली लघवी अडकण्याची लक्षणं हा झुपका दबल्याची असतात. आणि कमरेतून पाणी काढण्याच्या किंवा भुलीच्या सुईला लोक फार भितात, तर ती सुई सहसा रज्जू जिथे संपते त्याच्या खाली टोचतात.

मुळ्यांच्या एकूण ३१ जोड्या: मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. मानेचे मणके सात आणि मुळ्या आठ कशा? मानेत मुळी आपल्या मणक्याच्या वरून बाहेर पडते, आठवी सातव्याच्या खालून निघते, आणि तिथून पुढे प्रत्येक मुळी आपल्या मणक्याच्या खालून.

माझ्या रिपोर्टमध्ये होतं: एल ४-एल ५ ची गादी, डावीकडे फुगलेली. मी धरलं की दबलेली शीर एल ४. डॉक्टर मात्र सारखे एल ५ म्हणत होते. मला वाटलं, त्यांनी दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट उघडला आहे.

भाचीने रेल्वेचा दाखला दिला. नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली पॅसेंजर समज. अजनीला उतरणारा माणूस अजनी आल्यावर उतरून गेला. अजनीनंतर डब्याच्या दारात कोणी पोतं टाकलं तर अडचण त्याला नाही. अडचण बुटीबोरीला उतरायला दाराशी येऊन उभा असलेल्याला. एल ४ ची मुळी गादीची पातळी येण्याआधीच बाहेर पडलेली असते. एल ५ ची मुळी खाली जायला निघालेली असते आणि फुगलेल्या गादीच्या मागून तिची वाट जाते. म्हणून एल ४-एल ५ ची गादी बहुतेक वेळा एल ५ ला दाबते आणि एल ५-एस १ ची गादी एस १ ला. गादी अगदी बाहेरच्या कडेला, शीर निघते त्या खिडकीत फुगली तर वरची मुळी दबू शकते, तो अपवाद. मानेत रचना वेगळी असली तरी उत्तर तेच: सी ५-सी ६ ची गादी सी ६ ला दाबते.

कोणती मुळी कुठे जाते हे एकदा कळलं की स्वतःच्या दुखण्याचा नकाशा जुळतो:

एल ४: गुडघा आणि नडगीची आतली बाजू. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात ती मुख्यतः हिच्यासाठी.
एल ५: नडगीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग, अंगठा. ही कमजोर झाली की अंगठा वर उचलत नाही, टाचांवर चालता येत नाही.
एस १: पोटरीची मागची बाजू, पावलाची बाहेरची कड, करंगळी. ही कमजोर झाली की चवड्यांवर उभं राहता येत नाही.
हातात: अंगठ्याकडे सी ६, मधल्या बोटाकडे सी ७, करंगळीकडे सी ८.

एल ४ पासून एस ३ पर्यंतच्या मुळ्या मिळून कुल्ल्यातून मांडीमागे जाणारी शरीरातली सगळ्यात जाड शीर बनते. सायटिका हे नाव तिच्यावरून पडलं. 'मला सायटिका आहे' म्हणजे कळ तिच्या वाटेने जाते एवढंच. का जाते, हे त्यात येत नाही. तो प्रश्न विचारायचा राहू देऊ नका.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. भिंतीजवळ, कुणाला तरी शेजारी उभं करून, टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. दोन्ही पायांत फरक वाटला तर तारीख घालून लिहून ठेवा. कळ वाढली की आपण घाबरतो, पण ताकद कमी होणं हे कळ वाढण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं असतं, आणि ते दुखत नसल्यामुळे लक्षात येत नाही.

६. पट्टे, स्नायू आणि बाक

हे थोडक्यात. मणके एकमेकांना चिवट पट्ट्यांनी बांधलेले असतात. कमानीच्या आतल्या बाजूचा एक पट्टा पिवळसर असतो, वयाने जाड होऊन बोगदा अरुंद करतो, रिपोर्टमध्ये तो 'लिगामेंटम फ्लेव्हम' नावाने येतो. आजोबा थोडं चालून थांबतात, वाकून बसले की बरं वाटतं म्हणतात, त्यामागे पुष्कळदा अरुंद झालेला बोगदा असतो.

कणा बाजूने सरळ नसतो. मान आणि कंबर पुढे झुकलेली, छाती आणि त्रिकास्थी मागे. बाळ जन्मतं तेव्हा एकच बाक असतो. मान धरायला लागलं की मानेचा तयार होतो, उभं राहून चालायला लागलं की कमरेचा. रिपोर्टमध्ये 'कमरेचा बाक सरळ झाला आहे' असं आलं तर बहुतेकदा स्नायू आखडल्यामुळे तसं दिसतं. कणा वाकडा झाला असा त्याचा अर्थ नाही.

७. आता रिपोर्ट उघडा

पेन घ्या आणि शेवटचा 'इम्प्रेशन' हा भाग आधी वाचा. मग वरच्या वर्णनात प्रत्येक पातळीसमोर काय लिहिलं आहे ते बघा. नेहमी भेटणारे शब्द असे:

'डेसिकेशन': गादीतलं पाणी कमी झालं.
'बल्ज': गादी सगळीकडून थोडी फुगली.
'प्रोट्रूजन': एका ठिकाणी जास्त पुढे आली.
'एक्स्ट्रूजन': कडी फाटून गर बाहेर आला.
'सिक्वेस्ट्रेशन': बाहेर आलेला तुकडा सुटा झाला.
'थिकल सॅक': रज्जू आणि मुळ्यांभोवतीची, पाण्याने भरलेली पिशवी. तिच्यावर नुसता दाब उमटला असेल तर 'इंडेंटेशन' लिहितात.
'न्यूरल फोरामेन': मुळी बाहेर पडते ती खिडकी.
'ऑस्टिओफाइट': हाडाच्या कडेला वाढलेली चोच.
'स्पॉन्डिलोसिस': वयाने होणारी झीज.
'स्पॉन्डिलोलिस्थेसिस': एक मणका खालच्या मणक्यावर पुढे सरकणं. 'मणका सरकला' हे म्हणायचंच असेल तर याला म्हणावं.

शब्द वाचून हातपाय गाळू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले होते. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत गादीचा फुगवटा सापडला आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत. म्हणजे रिपोर्टमध्ये फुगवटा आहे म्हणून दुखणं त्याचंच, असं ठरत नाही. रिपोर्टमधली पातळी, बाजू आणि तुमच्या कळेचा नकाशा हे तिन्ही जुळायला हवेत. माझे जुळले: एल ४-एल ५, डावी बाजू, अंगठ्यापर्यंत कळ. रिपोर्टमध्ये एल ३-एल ४ चाही बल्ज होता. त्याच्याकडे डॉक्टरांनी ढुंकून पाहिलं नाही, आणि का, हे मला न विचारता समजलं.

फिल्म स्वतः बघणार असाल तर एक लक्षात ठेवा. आडवे काप पायाकडून डोक्याकडे बघितल्यासारखे छापतात. त्यामुळे फिल्मवर जी उजवी बाजू दिसते ती तुमची डावी असते.

८. एमआरआयला आणि डॉक्टरांकडे जाताना

मशीन म्हणजे प्रचंड चुंबक आहे. पेसमेकर, कानातलं यंत्र, डोक्यातली क्लिप, शरीरात कुठेही धातू बसवलेला असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. मंगळसूत्र, कानातलं, केसातल्या पिना, साडीच्या सेफ्टीपिना आणि जोडवी घरीच काढून ठेवा. माझी जोडवी वीस वर्षांत निघाली नव्हती, तिथल्या नळावर साबण लावून काढताना मागचे सगळे खोळंबले. आवाज मोठा होतो, अर्धा तासभर न हलता पडून राहावं लागतं. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगा.

डॉक्टरांकडे, मग ते धंतोली-रामदासपेठेतले असोत, मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स असो, हे सोबत न्या:

- एमआरआयच्या फिल्म आणि सीडी. नुसता रिपोर्ट पुरत नाही, बरेच डॉक्टर फिल्म स्वतः बघतात.
- जुने एक्स-रे, पाच वर्षांपूर्वीचे असले तरी.
- चालू औषधांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती सगळ्यात वर.
- साखर, बीपीचे ताजे आकडे.
- ओळखपत्र. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर रेशन कार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड, मूळ प्रती आणि झेरॉक्स.
- मोबाईलमध्ये टिकल्यांचा फोटो, आणि कागदावर माणसाची आकृती काढून त्यावर कळेची वाट पेनाने रंगवलेली.

फिल्म गाडीच्या डिक्कीत ठेवून उन्हात उभी करू नका. मे महिन्यात डिक्कीची भट्टी होते आणि फिल्म एकमेकींना चिकटतात.

प्रश्न आधीच लिहून न्या, तिथे आठवत नाहीत. मी नेलेले असे होते: कोणती मुळी दबली आहे? माझ्या पायातली ताकद कमी झाली आहे का? रिपोर्टमधल्या कोणत्या गोष्टी माझ्या दुखण्याशी संबंधित नाहीत? किती आठवडे वाट बघायची, आणि कशाने लगेच परत यायचं? चौथा प्रश्न सोडू नका. गादीच्या दुखण्यातले पुष्कळ रुग्ण सहा आठवडे ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय सावरतात. पण त्या काळात घरी नेमकं कशावर लक्ष ठेवायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडूनच तुमच्यासाठी ठरवून घ्या.

माझ्या कागदावर डॉक्टरांनी चौथ्या प्रश्नापुढे लिहून दिलं: "अंगठा रोज सकाळी तपासा." अजून तपासते. पलंगावरून उतरण्याआधी दोन्ही अंगठे वर उचलते, नवऱ्याला बोटाने दाबायला लावते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून दोन्ही सारखे लागतात.